माग थांबल्यावर

“...मग संपलं हे लोकांना कळावं तरी कसं, अक्का?”

रंगमंचाच्या काठावर पाय सोडून बसलेल्या नरहरी यन्नमनं विचारलं. खाली, पहिल्या रांगेत, वेणूअक्का बसल्या होत्या. सकाळची वेळ. बाकी सगळं नाट्यगृह रिकामं.

 खुर्चीच्या हातावरची धूळ अक्का बोटानं पुसत राहिल्या.

“तुला कळलं होतं?”

“काय?”

“संपलं ते.”

“अक्का, नाच माझा आहे.”

“म्हणून तर तुला विचारते.”

नरहरी हसला. 

वेणूअक्कांनी सोलापुरातल्या दोन पिढ्यांना कथक शिकवलं. नरहरी त्यांचा सर्वांत गुणी शिष्य. हे अक्कांना ठाऊक होतं, आणि दुर्दैवानं त्यालाही. एक दिवस त्यानं आपले घुंगरू पिशवीत घालून अक्कांच्या पुढ्यात ठेवले होते. म्हणाला होता, “आता मला यांची गरज उरली नाही.”

अक्का म्हणाल्या होत्या, “बरं. जाताना दार ओढून घे. मांजर येतं.”

त्यानंतर तो परदेशात शिकला. नावारूपाला आला. ‘समेची गुलामी मी नाकारली आहे,’ असं त्यानं एका मुलाखतीत म्हटलं, तेव्हा अक्कांना ते कुणीतरी वाचून दाखवलं. अक्कांनी विचारलं, “जेवतो का वेळेवर?”

यंदा शहराच्या नृत्यमहोत्सवात प्रथमच दोन दिवस समकालीन नृत्याला दिले होते. दोन्ही दिवशी नरहरीचा ‘माग’ होता. संगीत नाही, घुंगरू नाहीत, बोल नाहीत. एकटा माणूस आणि त्याच्या पावलांचा आवाज.

काल पहिला प्रयोग झाला.

नरहरी रंगमंचाच्या मधोमध थांबला. नाच संपला. लोक बसून राहिले. तो उभा राहिला. लोक बसून राहिले. कुणीतरी खोकलं. शेवटी निवेदिका बाहेर आली आणि “धन्यवाद” म्हणाली.

टाळ्या झाल्या. पण त्या तिला.

“अम्मानं घरी गेल्यावर काय विचारलं, सांगू?” नरहरी म्हणाला. “म्हणाली, थांबलास आणि आमच्याकडं बघायलास. मला वाटलं, पुढचं विसरलास.”

अक्का खुदकन हसल्या.

“हसा. तिच्यासाठी केला होता तो नाच.”

अक्का हसायच्या थांबल्या.

“मग मला नीट सांग. काय केलंस तिच्यासाठी?”

नरहरीनं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज हळूहळू मुलाखतीतला होत गेला. आमचं घर म्हणजे पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत आम्ही. दिवसभर खटक-खटक. त्या आवाजात आम्ही जेवायचो, झोपायचो, भांडायचो. आवाज कुणाला ऐकूच यायचा नाही. पण माग मधेच थांबला, की अम्मा हातातलं काम टाकून उठायची. भाकरी तव्यावर असली तरी. धागा तुटला, की अप्पांचा हात अडकला... बघायला यायची.

“ती शांतता मला रंगमंचावर आणायची आहे,” तो म्हणाला. “पण आपले प्रेक्षक अजून तिथवर पोचलेले नाहीत.”

“अम्मासुद्धा?”



मागच्या दारातून हिरेमठ आले. महोत्सवाचे चिटणीस. हातात थर्मास, गळ्यात दोन ओळखपत्रं. त्यांनी आधी अक्कांना वाकून नमस्कार केला आणि मग नरहरीकडे वळले.

“यन्नम, ठरलं का ओ काहीतरी?”

“काय ठरायचंय?”

“शेवट. काल काय झालं, बघितलाव की तुम्ही. पुढच्या रांगेतले पाहुणे मला विचारतात, लाईट गेली का? लाईट तर चालू होती ओ!”

“तो नाचच तसा आहे.”

“असू द्या की. आम्ही कुठं नाही म्हणतो? नुसतं आधी सांगूया. ‘कलाकार मध्यभागी थांबल्यावर नृत्य संपेल. कृपया टाळ्या वाजवाव्यात.’ सोपं.”

नरहरीनं कपाळाला हात लावला.

“नाहीतर धाडकन पडदा पाडू,” हिरेमठ म्हणाले. “आज पण लोक तसेच बसले तर मला समितीत तोंड नाही. हे दोन दिवस मी भांडून घेतलेत. पुढल्या वर्षी मग हे नवीन सगळं बंद. तुमच्यामागं ती चार पोरं आहेत नवीन नाचणारी, त्यांचं पण बंद. संध्याकाळच्या आत सांगा मला.”

थर्मास विंगेत ठेवून ते गेले. जाताना एवढंच म्हणाले, “चहा आहे अक्का. बिनसाखरेचा.”



“शेवटचा तुकडा दाखव,” अक्का म्हणाल्या.

“आत्ता? दिव्यांशिवाय?”

“तुझ्या घरी माग चालायचा तेव्हा दिवे कोण सोडायचं?”

नरहरी उठला. त्यानं चपला विंगेत ठेवल्या. रंगमंचाच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला.

मग निघाला.

डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. मागातला सूत वाहणारा धोटा पळतो तसा. टोकाला पोचायच्या आत अंग वळलेलं असे. पाय लाकडावर पडत होते, उठत होते. ते पाय अक्कांनीच घडवलेले होते. मध्येच हात बापाचे झाले, सूत चाचपणारे. मध्येच पाठ बापाची झाली. पुन्हा धोटा. डावीकडून उजवीकडे... उजवीकडून...

मधोमध थांबला.

हनुवटी किंचित वर गेली. नजर समोर आली.

अक्का होत्या तशाच बसून राहिल्या.

पंखा फिरत होता. वर पत्र्यावर कबुतर चालत होतं.

“झालं,” नरहरी म्हणाला.

“हं.”

“बघा! तुम्हीसुद्धा...”

“मी काय?”

“तुम्हीसुद्धा काही केलं नाहीत.”

“काय करायचं होतं?”

नरहरीनं मान फिरवली. खरं तर त्याला काय हवं होतं, ते त्याला सांगता आलं नसतं. ‘वाहवा’ म्हणा, असं तो बोलू शकत नव्हता. पण ती न मिळाल्याचं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं होतं.

“अंगठा कशाला हलत होता?” अक्कांनी विचारलं.

“कुठला अंगठा?”

“उजवा. बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होतास. तीनताल. थांबलास तो बरोब्बर समेवर, पहिल्या मात्रेला.”

नरहरीचे कान लाल झाले.

“सवय आहे, अक्का. अंगात असतं ते.”

“असू दे की. पण त्या दिवशी मला वाटलं, सगळं परत केलंस. मी पिशवी उघडली, तर आत नुसते घुंगरूच.”

नरहरीनं मूठ मिटली.

“आणि थांबल्यावर कुणाकडे पाहिलंस?”

“कुणाकडे नाही.”

“समोर तर मी एकटीच होते.”

नरहरी काठावर येऊन उभा राहिला. आता तो चिडला होता.

“ठीक आहे. तुम्हीही तेच म्हणताय, हिरेमठही तेच म्हणतात, अम्माही तेच म्हणते. मग द्या माझे घुंगरू! आणलेत ना? मघाशीच पाहिली मी पिशवी. आज शेवटी तिहाई घेतो. एकच तुकडा तीनदा, तिसऱ्यांदा समेवर पाय आपटतो, मान झटकतो. लोकांना कळेल. टाळ्या पडतील. हिरेमठांचं तोंड राहील, त्या पोरांचं राहील. सगळे खूश.”

“घे की,” अक्का म्हणाल्या.

तो थबकला. त्या नाही म्हणतील, अशी त्याची खात्री होती.

“खरंच?”

“तुझेच आहेत. मी काय करू त्यांचं? मांजर खेळतं.”

अक्कांनी खुर्चीखालून पिशवी ओढली. जुनी, खादीची, नाडीची. काठी घेतली. उठायला त्यांना वेळ लागला. नरहरी खाली उडी मारून हात द्यायला आला, तसा त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

“मी संध्याकाळी विंगेतनं बघणार आहे. इथं दिवे डोळ्यांवर येतात. जागा बघून येते. तू बस माझ्या खुर्चीत.”

“मी नेतो ना तुम्हाला. पायऱ्या...”

“बस म्हटलं ना.”

तो बसला.

अक्का कडेच्या पायऱ्या चढू लागल्या. एक पाय वर, मग दुसरा पाय त्याच्या शेजारी. पायरीगणिक पिशवीतले घुंगरू वाजत होते. छन्... छन्... काठीचा ठोका, मग छन्.

त्या रंगमंचावर आल्या. समोर पाहिलं नाही. नरहरीकडेही नाही. आपल्याच वाटेकडे बघत त्या निघाल्या. ज्या बाईच्या चक्करांच्या गोष्टी शहरात अजून सांगतात, ती बाई एवढंसं अंतर कापायला एवढा वेळ घेत होती.

काठी. छन्. काठी. छन्.

नरहरी खुर्चीच्या टोकावर सरकला.

विंगेच्या काळ्या पडद्याशी अक्का पोचल्या. पडदा हलला. त्या आत गेल्या. आतून आवाज येत राहिला.

काठी. छन्. काठी...

आवाज थांबला.

नरहरी बघत राहिला. पडदा हलायचा थांबला. रिकाम्या रंगमंचावर काही नव्हतं, तरी त्याची नजर तिथून निघेना.

“अक्का?”

उत्तर नाही.

विंगेत जमिनीवर दिव्यांच्या वायरी पसरल्या होत्या. सकाळी तो स्वतःच त्यांत अडखळला होता. अंधार. त्यात अक्कांचे गुडघे...

तो उठला. पायऱ्यांकडे गेलाच नाही. दोन्ही हात टेकून थेट रंगमंचावर चढला आणि धावत आत गेला.

कुठल्याशा ऐतिहासिक नाटकाचं सोनेरी सिंहासन विंगेत पडून होतं. त्यावर अक्का आरामात बसल्या होत्या. पिशवी मांडीवर. हिरेमठांच्या थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यावर फुंकर घालत होत्या.

“का आलास?”

नरहरीला धाप लागली होती.

“आवाज थांबला म्हणून.”

“मग टाळ्या वाजवायच्या.”

नरहरी उभाच राहिला.

त्यानं अक्कांकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पडद्याच्या फटीतून दिसणाऱ्या त्या खुर्चीकडे, जिथून तो उठून आला होता. तिची बैठक अजून हलत होती.

 अक्कांनी घाई केली नाही. चहा गरम होता.

“हे घे,” त्यांनी पिशवी पुढे केली. “तिहाई घ्यायचीय ना?”

नरहरीनं पिशवीला हात लावला. आतले घुंगरू हलले. त्यानं हात मागे घेतला.

“राहू देत तुमच्याकडे.”

“जड आहेत रे.”

“असू देत. संध्याकाळी येताना आणा.”

“आणि त्या हिरेमठला काय सांगशील? बिचारा चांगला चहा करतो.”

“बघतो,” नरहरी म्हणाला.

सकाळपासून प्रथमच त्याच्या बोलण्यात खात्री नव्हती. अक्कांना ते आवडलं असावं. त्यांनी थर्मासचं झाकण त्याच्यापुढे केलं. तळाशी दोन घोट उरले होते.

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. काल काय घडलं, ते शहरभर झालं होतं. काही जण केवळ तेवढ्यासाठी आले होते.

हिरेमठांनी नरहरीला अक्कांच्या समोरच्या विंगेत गाठलं.

“घोषणा करायची ना?”

“नको.”

“मग पडदा?”

“तोही नको. दिवेही तसेच असू द्या.”

“मग काय करायचं ओ मी?”

“बघा.”

“बघतोय की कालपासून!” हिरेमठ म्हणाले. पण निवेदिकेला त्यांनी माइक घेऊन आपल्याजवळच उभं केलं. वेळ आलीच तर ढकलायला बरी.

‘माग’ सुरू झाला.

पलीकडच्या विंगेत अक्का सिंहासनावर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर. घुंगरू चुकूनही वाजू नयेत म्हणून त्यांनी वर तळहात ठेवला होता.

तिसऱ्या रांगेत अम्मा होती. कालचीच साडी. काल मुलगा विसरला होता, आज त्याला आठवावं म्हणून तिनं सकाळी देवाला नारळ ठेवला होता.

डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे.

नरहरीचा अंगठा पेरांवरून फिरत होता. त्यानं फिरू दिला. पावलांचा आवाज नाट्यगृहात भरत गेला. सुरुवातीला लोकांना तो ऐकू येत होता. मग कुणी बिस्किटाचा पुडा उघडला, कुणी शेजाऱ्याच्या कानाशी लागलं, कुणी मागे रेललं. हळूहळू आवाज ऐकू येईनासा झाला. तो होताच. धोटा पळत होता. बापाचे हात आले, बापाची पाठ आली, पुन्हा धोटा...

सम जवळ येत होती. अंगाला ते माहीत होतं. कालची ती मधली जागा अजून पुढे होती. अजून दोन पावलं होती.

आणि नरहरी थांबला.

मधोमध नाही. समेवर नाही. एक पाय पुढे टाकलेला, हात हवेत अर्धवट, सूत जिथं तुटलं असावं तिथं. अंगठा एका पेरावर तसाच राहिला.

हनुवटी वर गेली नाही. तो आपल्या हाताकडे पाहत होता.

नाट्यगृहातली कुजबूज एकदम बंद झाली. पुडा वाजायचा थांबला.

नरहरीनं हात खाली घेतला. समोर कोण बसलंय, याची त्याला आठवण नसावी. तो वळला आणि चालत अक्का होत्या त्या विंगेत गेला. माणूस घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, तसा.

मागे दिवे जळत राहिले. रंगमंच रिकामा राहिला.

टाळी पडली नाही.

समोरच्या विंगेत निवेदिकेनं हिरेमठांकडे पाहिलं. हिरेमठांनी तिला थांबायची खूण केली. ते स्वतः मान लांब करून पलीकडे पाहत होते.

मग एक आवाज आला. नाट्यगृहाची घडीची खुर्ची. माणूस उठलं की बैठक मागे आपटते, तो.

धप्.

नरहरी पडद्याला पाठ करून उभा होता. त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. त्यानं डोळे मिटून घेतले.

धप्. धप्. मागच्या रांगांतून आणखी. मग सज्ज्यातून.

“उठले,” तो पुटपुटला. “अक्का... लोक उठले. चालले.”

 पडद्याच्या फटीतून त्यांना तिसरी रांग दिसत होती. पहिली खुर्ची अम्माची वाजली होती. ती पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. मान वाकडी करून, नरहरी जिथून आत गेला त्या विंगेकडे पाहत होती. तिच्या मागे आणखी माणसं उभी होती. सगळ्यांच्या माना तिकडेच. दाराकडे कुणीही जात नव्हतं.

नरहरी अक्कांच्या समोर आला. घाम हनुवटीवरून टपकत होता. शहराला, समितीला, त्या नव्या पोरांना आता काय सांगायचं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण विचारलं त्यानं दुसरंच. सकाळी विचारलं होतं तेच, जरा हळू.

“अक्का... संपलं का?”

अक्कांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. एक हात पिशवीवर तसाच ठेवून, दुसऱ्या हातातल्या काठीनं त्यांनी त्याला हलकेच ढोसलं.

“बाजूला हो रे. दिसत नाहीये मला.”